सावकाराची वही आणि आपली पेटी

नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत मागे आम्ही चार कार्यकर्ते एका मुलाचे कागद लावत बसलो होतो. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता आणि जात पडताळणीची मुदत अंगावर आली होती. वडील मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध', वडिलांच्या दाखल्यावरही 'बौद्ध'. कार्यालयातल्या बाबूने सांगितले, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद आणा. तो कागद घरात होता. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर 'महार' अशी स्पष्ट नोंद. दाखला लोखंडी पेटीत आणि पेटी पलंगाखाली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात घराघरांत पाणी शिरले तेव्हा ती पेटी दोन दिवस पाण्यात राहिली. आम्ही ती उघडली तेव्हा दाखला, आजीचे रेशनकार्ड आणि बाबासाहेबांचा एक जुना फोटो यांचा मिळून एकच गोळा झाला होता.

ज्या नावाने आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले तेच नाव नातवाने कागदावर सिद्ध करून दाखवायचे. १९५६ ला ते नाव आपण टाकले, पण नातवाचा घटनात्मक हक्क आजही त्याच नावाच्या नोंदीवर अडतो. हा अपमान गिळून आम्ही कागद शोधतो, कारण हक्क सोडून देणे आम्हाला परवडणारे नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. काही घराण्यांचे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे हिशेबाचे चिटोरेही वातानुकूलित खोलीत सुखरूप आहेत आणि आपल्या आजोबांचा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा एक दाखला टिकत नाही. हे नुसते पावसाचे काम आहे का?

सोपाऱ्याच्या घराण्यातली वाटणी

आपण राहतो ते गाव व्यापाऱ्यांचे. सोपारा हे प्राचीन काळातले मोठे बंदर. बोरिवलीला उतरून कान्हेरीच्या लेण्यांत जा, तिथल्या शिलालेखांत सोपाऱ्याहून आलेल्या दानकर्त्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, रत्नांचे काम करणारा कारागीर आहे. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. ज्याने उन्हात बसून तो दगड फोडला त्याचे नाव बहुतेक ठिकाणी नाही.

याच सोपाऱ्याच्या एका व्यापारी घराण्याची गोष्ट 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात आहे. भव नावाचा श्रीमंत व्यापारी आजारी पडतो. बायको-मुले त्याला टाकून देतात आणि घरातली दासी त्याची सेवा करून त्याला वाचवते. पुढे तिच्या पोटी त्याला पूर्ण नावाचा मुलगा होतो. बापाच्या मृत्यूनंतर तिघे सावत्र भाऊ वाटणीला बसतात. घर आणि शेतजमीन हा एक हिस्सा, दुकान आणि परदेशी गेलेला माल हा दुसरा, आणि तिसरा हिस्सा म्हणजे खुद्द पूर्ण! दासीचा मुलगा म्हणून तो वारस नाही, तो मालमत्तेत मोजला गेला. थोरला भाऊ भविल याच्या वाट्याला तो येतो. पुढे हाच पूर्ण मोठा सागरी व्यापारी होतो, संपत्ती सोडून भिक्खू होतो आणि कथेप्रमाणे भगवान बुद्धांना सोपाऱ्यात आणतो.

ही कथा आहे, खातेवही नाही. पण व्यापारी घराण्याच्या हिशेबात माणूस कुठल्या रकान्यात जातो हे तिने चोख सांगितले आहे. आज सोपाऱ्याच्या स्तूपावर आपण वंदनेला जातो तेव्हा पूर्णाची भिक्खू म्हणून आठवण काढतो. वाटणीत मोजला गेलेला दासीपुत्र म्हणूनही त्याची आठवण काढली पाहिजे. आपले नाते तिथून सुरू होते.

खातेवहीने दिलेली साक्ष

आता कथेतून कागदाकडे येऊ आणि थोडे लांब जाऊ. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचे बंदर आहे. अठराव्या शतकात तिथे ब्राउन घराण्याची पेढी होती. निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस हे चार भाऊ. रम, लोखंड, व्हेलच्या चरबीच्या मेणबत्त्या असा त्यांचा व्यापार चाले. १७६४ मध्ये या पेढीने 'सॅली' नावाचे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला पाठवले. ईसेक हॉपकिन्स हा त्याचा कप्तान. त्याने १९६ माणसे मिळवली आणि त्यातली किमान १०९ मेली. काही रोगाने मेली, काहींनी जीव दिला, काहींनी बंड केले म्हणून त्यांना गोळ्या घातल्या.

हे आपल्याला कसे कळले? कोणा दयाळू माणसाने हळहळ व्यक्त करून लिहून ठेवले म्हणून नाही. कप्तानाने धंद्याचा हिशेब ठेवला म्हणून. कोणत्या दिवशी एक बाई मेली, कोणत्या दिवशी एक मुलगा मेला, हे मालाच्या तुटीसारखे त्याच्या वहीत नोंदले आहे. त्या माणसांची नावे त्यात नाहीत, आकडे आहेत. ब्राउन घराण्याचे कागद पिढ्यानपिढ्या जपले गेले. घराण्याची कीर्ती राहावी, व्यवहाराचा पुरावा राहावा, यासाठी जपले. मालकाच्या सोयीसाठी लिहिलेली ती वही शेवटी मालकाविरुद्धच साक्षीला उभी राहिली.

या घराण्याच्या पैशाने तिथले कॉलेज वाढले. १८०४ मध्ये धाकट्या निकोलस ब्राउनने पाच हजार डॉलरची देणगी दिली आणि कॉलेजला घराण्याचे नाव मिळाले. तेच आजचे ब्राउन विद्यापीठ. दोनशे वर्षांनी त्या विद्यापीठाच्या अध्यक्षपदी रूथ सिमन्स आल्या, टेक्सासमधल्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या. त्यांनी २००३ मध्ये समिती नेमली आणि विचारले, आपल्या संस्थेचा गुलामगिरीशी काय संबंध होता? घराण्याचे कागद बाहेर निघाले. २००६ मध्ये अहवाल आला. विद्यापीठाच्या आवारात स्मारक झाले आणि शहरातल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी एक कोटी डॉलरचा निधी उभारायचे ठरले. हा निधी म्हणजे पूर्ण न्याय असे आम्ही म्हणत नाही. पण सुरुवात वहीपासून झाली हे लक्षात ठेवा. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, त्या विद्यापीठानेही आपल्या संस्थापकांच्या आणि विश्वस्तांच्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधाची चौकशी करून २०१७ मध्ये ती जगापुढे मांडली.

यात आणखी एक धागा आहे. चौघांपैकी मोझेस ब्राउनने १७७३ मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि उरलेले आयुष्य गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला. सख्खा भाऊ जॉन मात्र व्यापार करत राहिला. १७९७ मध्ये गुलाम-व्यापारबंदीच्या कायद्याखाली त्याच्यावर खटला भरला गेला आणि त्याचे जहाज जप्त झाले. म्हणजे 'त्या काळी सगळेच तसे वागत होते' हे म्हणणे खोटे आहे. त्याच काळात, त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर बसून एका भावाला ते पाप वाटत होते. आपल्याकडे पेशवाईचा विषय निघाला की 'काळच तसा होता' असे सांगणाऱ्यांना हे ऐकवले पाहिजे.

आपल्याकडच्या दप्तरांचे काय?

महात्मा फुले हे धागेदोरे दीडशे वर्षांपूर्वी जोडून गेले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. अमेरिकन गुलाम आणि इथला शूद्र-अतिशूद्र यांच्याकडे एका नजरेने बघायचे असते, हे त्यांनी शिकवले. मग अमेरिकेतल्या व्यापारी घराण्यांच्या वह्यांकडे बघून आपल्याकडच्या दप्तरांकडे वळायला आपल्याला इतका उशीर का व्हावा?

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. १७८३ चा जन्म, लहानपणी पोरका झालेला मुलगा, चीनच्या व्यापारातून देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गेला. कापूस आणि अफू हा त्या व्यापाराचा कणा. चीनमधल्या जार्डिन मॅथेसन कंपनीशी त्यांचा व्यवहार होता आणि त्या कंपनीचे कागद केंब्रिज विद्यापीठात आहेत. जमशेटजींच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभे राहिले. आपल्या वस्त्यांमधल्या किती बायांची बाळंतपणे तिथे झाली, ते दान आम्ही नाकारत नाही. पण दान वाचताना कमाईही वाचायची असते. माळव्याच्या शेतात बोंडातून अफूचा चीक काढणारे हात कोणाचे होते, बंदरावर पेट्या वाहणारे खांदे कोणाचे होते, हे त्या वह्यांना विचारणारे आपले किती विद्यार्थी आहेत?

आणि दप्तर फक्त व्यापाऱ्यांचे नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. सावकारांची, देशमुखांची, सरदारांची, देवस्थानांची खासगी दप्तरे निरनिराळ्या संस्थांत आहेत. इतिहासाचार्य म्हणवलेल्या राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातले ४५ खंड छापले. या लोकांनी गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यावरून कागद उतरवले, वाळवीतून सोडवले. त्यांच्या विचारांशी आमचे भांडण आहे, त्यांच्या कष्टाशी नाही. उलट त्यांच्यापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्याच्या हातात कागद असतो तोच इतिहास सांगतो, हे त्यांना वेळेवर कळले होते.

त्या कागदांतून आपल्यापर्यंत काय आले? मोहिमा, तह, तलवारी. वसईत वाढलेल्या प्रत्येक मुलाला १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम पाठ असते. पण त्याच राजवटीच्या दप्तरात कुणबिणी विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या, पळून गेलेलीला पकडून आणण्याच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी, पूर्णाच्या आईसारखी. महारांकडून घेतलेल्या वेठीच्या नोंदी आहेत. आणि महारांनी, मांगांनी आपल्या हक्कांसाठी मांडलेल्या तक्रारी आणि तंटेही आहेत. म्हणजे आपले पूर्वज त्या कागदांत नुसते राबत नाहीत, ते भांडतातही. जपानच्या फुकाझावांसारखे अभ्यासक समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी मराठी कागदांतून जातिव्यवस्था कशी चालत होती ते शोधले. पुण्याला तीन-चार तासांत पोहोचणाऱ्या आपल्या पोरांना मात्र मोडीचे एक अक्षर लावता येत नाही.

'हे उकरून काय मिळणार?'

हा प्रश्न आपलेच लोक विचारतात. पोटापाण्याचे प्रश्न जळत असताना जुने कागद कशाला? पहिले उत्तर त्या नालासोपाऱ्याच्या मुलाने दिले आहे. कागद हाच पोटापाण्याचा प्रश्न आहे. दुसरे उत्तर जमिनीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय या जमिनीचे हस्तांतरण होत नाही. तरी गावोगाव या जमिनी कशा हातातून गेल्या ते आपल्याला घरोघरी ऐकायला मिळते. ऐकायला मिळते, दाखवायला नाही, कारण फेरफार, जुना सात-बारा, वतनाची नक्कल यातले काही घरात नसते. तोंडी सांगितलेला अन्याय कचेरीत टिकत नाही.

दुसरा आक्षेप समोरून येतो. तुम्ही द्वेष पसरवता, जुन्या जखमा उघडता. आमचे म्हणणे एवढेच की जखम ज्याची आहे त्याला ती बघायचा अधिकार आहे. जमशेटजींच्या किंवा एखाद्या सरदाराच्या आजच्या वंशजाने पूर्वजांच्या कर्माबद्दल गुन्हेगार म्हणून उभे राहावे असे आम्ही मागत नाही. आम्ही मागतो ते दप्तर. ज्या खासगी घराण्यांकडे, न्यासांकडे असे कागद आहेत त्यांनी ते अभ्यासकांना खुले करावेत. ज्या शिक्षणसंस्था, देवस्थाने जुन्या इनामांवर आणि सावकारीच्या पैशावर उभ्या आहेत त्यांनी स्वतःहून आपला इतिहास तपासावा. अमेरिकेतल्या विद्यापीठांना जे लाजेचे वाटले नाही ते आपल्या संस्थांना का वाटावे?

आपल्या घरचा हिशेब

दुसऱ्यांकडे बोट दाखवून झाले. आता स्वतःकडे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीतल्या त्यांच्या निवासातल्या कागदांचे काय झाले? कोर्टकज्जे, कुलुपे, हेळसांड. कितीतरी कागद पावसात भिजून गेले. महाराष्ट्र सरकारची समिती नेमली गेली १९७६ मध्ये आणि लेखन-भाषणांचा पहिला खंड आला १९७९ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. वसंत मून यांनी जीव ओतला म्हणून एवढे तरी हाती लागले. दादासाहेब गायकवाडांना बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रे आज वाचता येतात, कारण ती जपली गेली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. हे पत्र आज कोणीही पाहू शकतो, कारण ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने नीट लावून ठेवले. आपल्या बापाचे पत्र दुसऱ्या एका दलित समाजाच्या नेत्याच्या दप्तराने सांभाळले!

आणि बायकांचे काय? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्या फिरल्या नसत्या तर परिषदा भरवणाऱ्या, सभांना पोरे कडेवर घेऊन जाणाऱ्या त्या बाया कागदावर आल्याच नसत्या. त्या बायांकडे खातेवही नव्हती, आठवण होती. आठवणीला माणसाइतकेच आयुष्य असते.

वसई-विरारमध्ये आज कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, घाटावरून आलेली आपली हजारो घरे आहेत. प्रत्येक स्थलांतरात एक पेटी हलकी झाली. गाव सुटताना काही कागद राहिले, मुंबईची खोली सोडून विरारला येताना काही गेले, पुरात काही गेले. म्हणून आम्ही आमच्या वस्त्यांत एक काम सुरू केले आहे आणि ते प्रत्येक वस्तीने करावे असे आमचे आवाहन आहे.

रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास कागदांसाठी ठेवा. ज्याने त्याने आपली पेटी आणावी. शाळेचे दाखले, जुने सात-बारा, वतनाचे कागद, गिरणीची, रेल्वेची, पालिकेची हजेरीपत्रके, दीक्षेचे फोटो, भूमिहीनांच्या सत्याग्रहातल्या, नामांतराच्या लढ्यातल्या अटकेचे कागद, लग्नपत्रिका, भीमजयंतीच्या वर्गणीच्या पावत्या. वर्गणीची पावती क्षुल्लक वाटते, पण एखाद्या चाळीत कोणत्या साली कोण राहत होते याचा तो पुरावा असतो. मोबाईलवर फोटो काढा, दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. मूळ कागद ज्याचा त्याच्याच घरी राहू द्या, आम्ही कोणाचा कागद ठेवून घेत नाही. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवा, पलंगाखाली नाही. फोटोतल्या माणसांची नावे म्हाताऱ्या माणसाला विचारून मागे पेन्सिलीने लिहा, आजच लिहा. आजी-आजोबांचे बोलणे रेकॉर्ड करा. घरात काहीच नसेल तर गावी जा. शाळेचे जनरल रजिस्टर, तहसीलचा अभिलेख कक्ष, जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक यांच्या नकला अर्ज करून काढा, दाद दिली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. आणि कॉलेजातल्या पोरांनो, तुमच्यातल्या दोघा-चौघांनी मोडी शिका. शिवाजी-पेशव्यांवर व्हॉट्सअॅपवर भांडण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्म्या वेळात मोडी येते.

त्या मुलाचे काम शेवटी झाले. वडील रजा टाकून गावी गेले, शाळेच्या माळ्यावरच्या जुन्या रजिस्टरात आजोबांची नोंद सापडली. पण तोवर प्रवेश संपले होते आणि मुलाचे एक वर्ष गेले. ते वर्ष कोणत्याच वहीत नोंदले जाणार नाही, म्हणून आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले होती. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी इतक्या काळजीने ती पेटी लावली होती की पाऊस, समुद्राची खारी हवा, राजवटी यांतले काहीच आत शिरले नाही. आपले पूर्वज पेटी कशी लावायची ते जाणत होते. आपणही शिकू. उद्या कोणी विचारले की तुम्ही कोण, कुठले, तुमच्यावर काय झाले आणि तुम्ही काय केले, तर सावकाराच्या वहीत आपला आकडा शोधायची वेळ आपल्या नातवंडांवर येऊ नये.

जय भीम!